स्पूलची दुसरी बाजू

मी बोलतोय. कॅसेट प्लेयर नव्हे. तो शब्द माझ्यासमोर काढू नका. मी स्पूलचा टेपरेकॉर्डर आहे, आणि हा फरक ज्यांना कळत नाही त्यांच्याविषयी माझं मत काही चांगलं नाही.

पनवेलजवळच्या विचुंब्यातल्या एका नव्या इमारतीत, हरेश घरत यांच्या हॉलमध्ये टीव्हीशेजारी मी बसलेला असतो. आल्यागेल्याला मी दिसतो. माझ्यापुढे तोंड वेडंवाकडं करून फोटो काढला जातो. मग "चालतो का हो हा?" असा प्रश्न येतो, आणि उत्तर यायच्या आत विचारणारा फोटोखालच्या अंगठ्यांकडे बघत असतो.

माझा जन्म युरोपातला. सागवानी रंगाची पेटी, आत काचेचे वाल्व, वर शेजारी शेजारी दोन चाकं. त्या चाकांना स्पूल म्हणतात. एका स्पूलवरची तपकिरी फीत माझ्या हेडला, म्हणजे आवाज टिपणाऱ्या चुंबकाला, घासत दुसऱ्या स्पूलवर गुंडाळली जाते. फितीवर गंजासारखी पूड असते आणि त्या पुडीत आवाज राहतो. एका बाजूने फीत संपली की स्पूल उलटे करायचे, फितीची दुसरी कड वापरायची. इतकं सोपं. तरी निम्म्या माणसांना ते कधी जमलं नाही.

त्या काळी घरी गाणं ऐकायचं म्हणजे तबकडी. लोखंडी सुई गाण्यावरून नांगरासारखी फिरवायची, आणि गाणं झिजलं की तक्रार करायची. फीत आली आणि हा रानटीपणा संपला. भरलेल्या फिती बाजारात मिळू लागल्या. माझे पहिले मालक मुंबईतले एक बॅरिस्टर. ते कोट घालून माझ्यापुढे बसत, डोळे मिटत आणि बोलत नसत. माझ्या उभ्या आयुष्यात गप्प बसता येणारा तेवढा एकच माणूस मला भेटला. पुढे ते देश सोडून गेले आणि मला विकून गेले.

मला घेतलं काशीराम घरतांनी. उलव्याच्या बाजूला खाडीकाठी त्यांची मिठागरं होती आणि पनवेलच्या बाजारात मिठाचं दुकान, दुकानामागे घर. संगीताशी त्यांचा संबंध काय, तर काहीच नाही. बाजारात आणखी कोणाकडे माझ्यासारखं यंत्र नव्हतं, एवढंच त्यांना पुरेसं होतं. मला कपाटावर ठेवलं, माझ्यावर क्रोशाचा रुमाल पांघरला, रुमालावर प्लास्टिकचा पोपट बसवला. बॅरिस्टरसाहेबांच्या त्या शांततेनंतर हे.

काशीरामांची मोठी बहीण सखूबाई. सगळे तिला बाय म्हणत. ती धवलारीण होती. आगरी माणसांच्या लग्नात भटजीच्या आधीचा मान धवलारणीचा. हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं, म्हणजे धवला, ती म्हणायची, आणि तिने म्हटल्याशिवाय विधी पुढे सरकत नसे. तिला लिहितावाचता येत नव्हतं. सगळं तोंडी.

काशीराम एकदा म्हणाले, "बाय, एक धवला बोल ना यामदी. कायमचा ऱ्हाईल."

बायने माझ्याकडे पाहिलं. माणसं माझ्याकडे कौतुकाने बघतात, नाहीतर बुजून बघतात. तिने बघितलं ते बाजारातली शिळी मासळी बघावी तसं.

"लगीन नसताना धवला बोलत नाय," ती म्हणाली. "आन् याचं काय लगीन लावायचाय मना?"

तिला माझ्याविषयी जेवढा तिटकारा, तेवढाच मला तिच्याविषयी. मी व्हायोलिनं ऐकलेला. उघड्या तोंडाने, तंबाखूच्या घशाने गाणारी ही बाई माझ्या फितीवर न आलेलीच बरी, असं माझं स्पष्ट मत होतं.

पण काशीरामांच्या मुलीचं, सुमतीचं, लग्न ठरलं. लग्न गावी, खाडीकाठी. आता तर खरंच लग्न होतं, बायला सबब उरली नाही. मला बैलगाडीत गवतावर ठेवून गावी नेलं. मांडवातल्या दिव्यांसाठी आणि माझ्यासाठी भाताच्या गिरणीवरून वायर ओढली होती. दिवे लागले, गिरणी चालू राहिली, आणि विजेचा दाब पडला. दिवे पिवळे झाले. माझी मोटर जड झाली, स्पूल हळू फिरू लागले. हे एकाही माणसाच्या लक्षात आलं नाही. मांडवात दोनशे माणसं, सगळ्यांचं लक्ष जेवणाच्या पंगतीकडे.

बाय गायला लागली. माईक तिच्यापासून चांगला हातभर लांब होता, तरी माझा आवाजाचा काटा शेवटच्या टोकाला जाऊन चिकटला. तिने देवांना बोलावलं, खाडीला बोलावलं, मांडव घालणाऱ्या सुताराला आणि हळद दळणाऱ्या जात्याला बोलावलं. तिची चाल पाण्यासारखी होती. भरती येते तशी चढायची, माघार घ्यायची, पुन्हा थोडी वर यायची. मला आवडली असं मी म्हणणार नाही. मी फक्त भरून घेतली. एक बाजू संपली, कोणीतरी स्पूल उलटले, मी दुसरी बाजू भरली.

आठवड्याने पनवेलच्या घरी सगळे ऐकायला जमले. तिथे वीज पुरेपूर. काशीरामांनी बटण फिरवलं, आणि माझ्यातून बायऐवजी एक चिमणी चिवचिवली. मंद फिरताना भरलेला आवाज मी आता माझ्या खऱ्या वेगाने वाजवत होतो; तो चढा आणि पातळ होणारच. यात माझा काय दोष? पण समजून कोण घेणार. घरभर हशा पिकला. काशीराम तर पोट धरून हसले.

बाय उठली. तिचा चेहरा काळा पडला होता.

"ही मी नाय," ती म्हणाली. "माजी टवाली करायला आनलास हा डबा?"

ती गेली. मी त्या घरात असेपर्यंत पुन्हा कपाटाच्या खोलीत तिने पाऊल टाकलं नाही. काशीरामांनी ती फीत डब्यात घातली. घरात तिचं नाव पडलं 'खराब टेप'. वीज खराब, माणसांची अक्कल त्याहून खराब, आणि नाव फितीचं.

सुमतीचा नवरा बाळू पाटील बोटीवर खलाशी होता. एका फेरीहून तो आठ ट्रॅकचा प्लेयर घेऊन आला. पावाएवढी जाड डबी, तिच्यात एकच फीत गोल गोल फिरत राहते, उलटायची गरज नाही. हे यंत्र मोटारगाडीत लावायचं असतं. बाळूकडे मोटारगाडी नव्हती. त्याने ते बॅटरीला जोडून माझ्या शेजारी ठेवलं आणि सगळ्यांना सांगितलं, "आता ह्याची सुट्टी." ह्याची म्हणजे माझी.

त्या यंत्राची तऱ्हा सांगतो. गाणं रंगात आलं की मध्येच बारीक व्हायचं, 'खटाक्' असा आवाज यायचा, आणि उरलेलं गाणं दुसऱ्या ट्रॅकवर सुरू व्हायचं. जेवताना घास तोंडात असतानाच कोणी ताट बदलावं तसं. काही महिन्यांत त्याची फीत आत अडकली. बाळूने ओढली, तेव्हा सगळी आतडी बाहेर आली. ती त्याने अंगणातल्या पेरूला बांधली, पाखरं हाकलायला. त्या यंत्राच्या हातून झालेलं तेवढंच उपयोगी काम.

हरेश तेव्हा शाळेत. काशीरामांचा धाकटा मुलगा. त्याला रेडिओवरची सिनेमाची गाणी भरून घ्यायचं वेड लागलं. कोरी फीत मिळणं कठीण, आणि घरात 'खराब टेप' पडलेली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: माझ्यावर नवीन भरलं की जुनं आपोआप पुसलं जातं. पुसण्याचं हेडच आधी लागतं. ते माझ्या हातात नाही. हरेशने बटण दाबलं आणि मी बायची हळद पुसली, देवांचं बोलावणं पुसलं, खाडी पुसली, आणि त्या जागी झाडाभोवती पळणाऱ्या नायक-नायिकांचं रडगाणं भरलं. मधे मधे हरेशचं "हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग". एक बाजू संपली.

दुसरी बाजू तो दुसऱ्या दिवशी पुसणार होता. पण त्याच दिवशी काशीरामांनी त्याला कॅसेटचा रेकॉर्डर आणून दिला.

कॅसेट! ऑफिसातल्या साहेबांनी टायपिस्टला पत्रं सांगण्यासाठी काढलेली चीज. चिंचोळी फीत, गोगलगायीची चाल, आणि गाण्याच्या मागे सतत 'सूं' असा आवाज, जणू शेजारी कोणी पोळीवर तेल सोडतंय. असल्या वस्तूवर माणसांनी गाणी ऐकली आणि तिलाच संगीत म्हटलं. का, तर खिशात मावते. बूटही पायात मावतो म्हणून कोणी त्यातून पाणी पीत नाही. पण हे मात्र मला सांगितलंच पाहिजे, दात असते तर ते आवळून सांगितलं असतं: त्या दिवशी कॅसेट घरात आली नसती, तर दुसरी बाजू वाचली नसती. हरेश कॅसेटीच्या नादी लागला, मी माळ्यावर गेलो, आणि फीत माझ्याबरोबर गेली.

माळ्यावर मी खूप वर्षं होतो. त्या काळात बाय गेली, काशीराम गेले, बाळू गेला. मिठागरं विमानतळात गेली, गाव उठलं. पैसा आला आणि घरत मंडळी विचुंब्याला फ्लॅटमध्ये आली. सुमतीला मूलबाळ नाही. भावाने तिला आपल्याकडेच ठेवून घेतली. लग्नात धवला मागे पडला. हळदीला डीजे आला. डीजे म्हणजे काय, तर ज्याला गाणं कळत नाही त्याने छाती हादरवून ते कळल्यासारखं करायचं.

मला हॉलमध्ये आणलं हरेशच्या मुलाने, निकेशने. शोभा म्हणून, पोपटासकट. मग गेल्या वर्षी त्याच्या डोक्यात कॅफे आला.

"पप्पा, उलव्याला एअरपोर्टच्या रोडवर जागा फायनल झाली," तो म्हणाला. "हा ना, काउंटरवर ठेवतो. आतलं सगळं भंगार काढून टाकायचं आणि ब्लूटूथ स्पीकर बसवायचा. फुल रेट्रो लुक."

आतलं सगळं भंगार. माझे वाल्व, मोटर, हेड. बॅरिस्टरसाहेब ज्याच्यापुढे कोट घालून बसत, त्याच्या पोटात मूठभर चिनी प्लास्टिक.

"ने की," हरेश म्हणाले. "वापरतंय कोण?"

त्याच महिन्यात हरेशच्या मुलीचं, अंकिताचं, लग्न ठरलं होतं. बेलापूरला ऑफिसात जाणारी मुलगी. तिने हट्ट धरला होता, हळदीला डीजे असू दे, पण धवलाही हवा. घरात विचारलं तर कोणालाच येत नव्हता. सुमती कोपऱ्यात लसूण सोलत बसली होती. ती एकदम म्हणाली, "आन् बायची टेप?"

"ताई, ती खराब टेप होती," हरेश म्हणाले.

"खराब तं खराब. बाय हाय ना तिच्यान्?"

हरेश चष्मा काढून पुसत म्हणाले, "त्याच्यावर मी गाणी भरली होती, ताई. शाळेत असताना."

सुमतीचा हात थांबला. "सगली पुसलास?"

"आठवत नाही गं."

ती ओरडली नाही. लसणाचं ताट तिने बाजूला सारलं आणि आत गेली. त्या रात्री ती जेवली नाही, हे मी अंकिताच्या तोंडून ऐकलं, ती निकेशला दम देत होती, "स्क्रूड्रायव्हर लावलास ना त्याला, तर बघ. आधी टेप ऐकायची."

अंकिताने बोलावल्यावरून नवीन पनवेलहून कुमार जोगळेकर आले. रेडिओत ध्वनीच्या खात्यात नोकरी केलेले, निवृत्त, तिरसट. मला पाहून त्यांनी पहिलं काय केलं, तर पोपट उचलून निकेशच्या हातात दिला. "यंत्राच्या डोक्यावर पक्षी बसवायचा नसतो," ते म्हणाले. पुष्कळ वर्षांनी माझ्याविषयी कोणी शहाणपणाचं वाक्य उच्चारलं होतं. त्यांनी मला घरी नेलं, वाळलेलं रबराचं चाक बदललं, पट्टे बदलले, हेड पुसलं, आणि परत आणून फीत लावली.

पहिली बाजू. झाडाभोवतीचं रडगाणं. "हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग." हरेश खिडकीबाहेर बघत राहिले.

कुमारांनी स्पूल उलटले. आणि चिमणी चिवचिवली.

निकेशला हसू फुटलं. अंकितालाही. तोच हशा, फक्त माणसं वेगळी. मला वाटलं, संपलं, आता स्क्रूड्रायव्हर येणार.

पण सुमती हसत नव्हती. ती पुढे सरकून बसली. "त्या दिवशी लाइट कमी व्हता," ती म्हणाली. "मी खालमानेनं उबी, तरी मना आठवतंय. काकी बोल्ली, हलदीला आज दिवंपन पिवलं झालं."

कुमार तिच्याकडे वळून म्हणाले, "आजी, हे आधी का नाही सांगितलंत?"

"कोनी इचारलंच नाय."

कुमारांनी घरून एक जड डबा आणला. त्याला डिमरस्टॅट म्हणतात. वरची चकती फिरवली की वीज कमी-जास्त होते. माझी वायर त्यांनी त्यात खोचली आणि चकती हळूहळू मागे आणली. माझी मोटर जड झाली. चिमणीची पोर झाली, पोरीची बाई झाली, बाईचा घसा भरत गेला, त्यात तंबाखू आला.

"थांबवा!" सुमती ओरडली. "हीच. हीच आमची बाय."

बाय गात होती. धवल्याच्या मध्येच ती थांबली आणि फितीवर तिचा दरडावणारा आवाज आला: "अरं पोरीला पानी द्या कोनीतरी! सकालपासून उबी हाय ती. लगीन काय पलून जातंय?" मग भांड्याचा आवाज, आणि बायने कडवं पुन्हा धरलं.

सुमतीने पदर तोंडाला लावला. "आईला पन सुचला नव्हता," ती म्हणाली. "त्या मांडवान् माज्याकडं बगीतलं ते बायनं एकलीनं."

मला तिथे काही वाटलं का, असं विचाराल. मी यंत्र आहे. मी वाजवलं.

माणसं सुधारतात असा समज करून घेऊ नका. पाचच मिनिटांत निकेश म्हणाला, "हे डीजेला देऊ ना! खाली बीट टाकला की कडक रीमिक्स होईल." कुमारांनी डोळे मिटले. सुमती मात्र शांतपणे म्हणाली, "लगीन मानूस लावतो, बाला. डबा नाय लावत." माझा अपमानच होता, पण बरोबर होता.

तेव्हापासून रोज दुपारी ती माझ्यापुढे बसायची. कडवं ऐकायची, थांबवायची, मागे न्यायची, पुन्हा ऐकायची. तिचा सूर ढळायचा, शब्द अडखळायचे. मला संगीतासाठी घडवलं होतं, म्हातारीच्या शिकवणीसाठी नव्हे. पण मी मागे-पुढे फिरत राहिलो. दुसरं करणार काय?

अंकिताच्या हळदीला मला नेलं नाही. जे कळलं ते नंतर मोबाइलवर दाखवलेल्या चित्रफितीतून, आणि मोबाइलचा आवाज म्हणजे डबीत कोंडलेला डास. तरी कळलं. डीजे बंद केला होता. सुमती हिरवं लुगडं नेसून उभी राहिली आणि एकटीने धवला धरला. आवाज फाटका. पहिली दोन कडवी तरुण पोरं फोन वर करून नुसती उभी होती. मग पाहुण्यांतली एक म्हातारी उठली, तिच्यामागून दुसरी, आणि त्या सुमतीबरोबर म्हणू लागल्या. गाव उठल्यावर या सगळ्या वेगवेगळ्या सेक्टरांत विखुरलेल्या. निकेश कडेला उभा होता. तो रडत होता. रीमिक्सवाला!

त्या म्हाताऱ्यांनीच सुमतीला सांगितलं, "सुरवातीचा आमाला येतो. थोराथोरा, सगला नाय." जो हरेशने पुसला होता, तो. त्या येऊ लागल्या. एकीला देवांचं बोलावणं येतं, दुसरीला हळद. भांडतात, चुकतात, एकमेकींचे शब्द खोडतात, चहा पितात आणि पुन्हा भांडतात. बायने म्हटला होता तसाच तो नाही. तसा आता कधीच होणार नाही, आणि ज्यांना हे चालतं त्यांना ते चालो.

निकेशचा कॅफे सुरू झाला. काउंटरवर त्याने माझ्याच जातीचा एक मेलेला आणून ठेवलाय, मुंबईच्या भंगारातून. त्याच्या पोटात ब्लूटूथ आहे. लोक त्याच्यासोबत फोटो काढतात. त्याला मी ओळखत नव्हतो, पण त्याच्याबद्दल मला वाईट वाटतं, आणि त्या लोकांबद्दल अजिबात नाही.

आज दुपारी हॉलमधला पंखा बंद केलाय. कुकरही लावलेला नाही. कुमारांनी माईक जमिनीवर उशीवर ठेवलाय. तीन म्हाताऱ्या चटईवर बसल्यात, मध्ये सुमती. पहिली बाजू लावली आहे. हरेश स्वतः माझ्याजवळ आले, बटणावर बोट ठेवलं आणि ताईकडे बघितलं. तिने मान हलवली. त्यांनी दाबलं.

सिनेमाचं रडगाणं पुसलं जातंय. इतक्या आनंदाने मी आजवर काही पुसलेलं नाही.

मध्येच डोक्यावरून विमान गेलं. त्या बायका जिथे राहायच्या तिथूनच उडालेलं. सुमती थांबली. विमान जाऊ दिलं. मग तिने कडवं पहिल्यापासून धरलं.

तुमच्याकडून माझी फार अपेक्षा नाही. तुमच्या माळ्यावर कोणाची खराब टेप पडली असेल, तर भंगारवाल्याला द्यायच्या आधी दोन्ही बाजू ऐका. तेवढं जमलं तरी खूप. आणि आता जा. जाताना चपला वाजवू नका, दार हळू ओढा. इथे आवाज भरतोय.